स्कॉर्पिओ क्लासिक की स्कॉर्पिओ-एन? पिढ्यांचा हिशेब मागच्या एक्सलपासून

तुमचा प्रश्न मी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घरी २०१० सालची एमहॉक (महिंद्राचे डिझेल) इंजिनाची स्कॉर्पिओ आहे आणि आता ती बदलायची आहे. वडिलांचे म्हणणे असे की घ्यायची तर क्लासिकच (जुन्याच गाडीची आजची आवृत्ती) घ्यावी, कारण एन (२०२२ मध्ये आलेली नवी गाडी) ही मुळात स्कॉर्पिओच नव्हे. धाकट्या भावाचे म्हणणे नेमके उलट आहे : वीस वर्षांत फक्त बंपर आणि दिवे बदलले, गाडी तीच आहे, तेव्हा २०१६ च्या आसपासची जुनी घेऊन बाकीचे पैसे वाचवावेत. घरात आजी धरून सात माणसे आहेत, त्यांत दोन लहान मुले आहेत. वर्षातून दोनदा कोकण आणि एरवी शेत, बाजार आणि मुलांची शाळा एवढेच फिरणे असते.

मी नाशिकमध्ये बावीस वर्षे गॅरेज चालवतो. स्कॉर्पिओ याच गावातल्या कारखान्यात जन्मली आणि क्लासिकही इथेच तयार होते, त्यामुळे आमच्याकडे गावातल्या गाड्यांत हिचाच भरणा जास्त. प्रत्येक सालची गाडी मी लिफ्टवर चढवून खालून पाहिली आहे. वडील आणि भाऊ या दोघांच्याही बोलण्यात निम्मे निम्मे तथ्य आहे, आणि निम्म्या तथ्यावर एवढा मोठा खर्च करू नये म्हणून हे उत्तर जरा लांबले आहे.

तुमच्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न गुंतलेले आहेत. गाडी खरोखर किती वेळा बदलली, हा पहिला. तुमच्या सात माणसांपैकी सर्वांत मागे कोण बसणार आणि किती तास बसणार, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मी देऊ शकतो. दुसऱ्याचे तुम्हालाच द्यावे लागेल आणि माझा सल्ला त्यावरच फिरणार आहे. महिन्याला किती किलोमीटर होतात, त्यांतले सलग किती, शेताचा रस्ता पावसाळ्यात कसा असतो आणि गाडी उभी करायची जागा किती रुंद आहे, हेही तुम्ही लिहिलेले नाही. ही माहिती नसताना कोणी तुम्हाला ठामपणे 'हीच घ्या' असे सांगत असेल, तर तो स्वतःच्या आवडीची गाडी सांगतो आहे असे समजावे.

आता पहिला प्रश्न. पिढी बदलली असे मी केव्हा म्हणतो? चासी म्हणजे गाडीचा खालचा पोलादी पाया नवा असेल, तिच्यावरचा सांगाडा म्हणजे छत, खांब आणि दारे नवी असतील आणि मागचा एक्सल (मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा कणा) चासीला धरून ठेवण्याची पद्धत बदलली असेल, तेव्हा. जाळी, दिवे, डॅशबोर्ड, पडद्याचा आकार हे सगळे मी रंगसफेदीत धरतो. इंजिन मात्र मधेच कुठेतरी बसते, कारण जुन्याच चासीवर नवे इंजिन बसवले तरी रोजच्या चालवण्यात मोठा फरक पडतो.

या मोजमापाने पाहिले तर २००२ च्या जून महिन्यात आलेली स्कॉर्पिओ ही पहिली पिढी. तोपर्यंत महिंद्राची ओळख जीप, मार्शल, आर्माडा आणि बोलेरो अशी होती. पवन गोएंका यांच्या नेतृत्वाखालच्या तुलनेने लहान चमूने शहरी कुटुंबाने घ्यावी अशी गाडी स्वतः आखली आणि तिचे बरेच भाग पुरवठादारांनाच विकसित करायला दिले. इंजिन २.६ लिटरचे टर्बो डिझेल, १०९ अश्वशक्तीचे, साध्या यांत्रिक पंपाचे होते. धूर आणि आवाज दोन्ही भरपूर, पण नोझल काढून साफ करणे तालुक्याच्या गावातही जमायचे. २००५ च्या सुमारास त्याच इंजिनाला कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने डिझेल फवारणारी रचना मिळाली, ती सीआरडीई. तेव्हापासून आमच्या धंद्यात लॅपटॉप आला आणि नुसत्या कानाने पंप लावणारे जुने मेस्त्री हळूहळू बाजूला पडले.

त्यानंतरचा २००६ चा बदल जाहिरातीत फारसा लक्षात राहिला नाही, पण माझ्या मते पहिल्या पिढीतला सर्वांत मोठा बदल तोच आहे. त्याआधीच्या गाडीला मागे पाटे (लीफ स्प्रिंग) होते. पाटा एकाच वेळी दोन कामे करतो : वजन तोलतो आणि एक्सलला जागेवर धरून ठेवतो. त्यामुळे तो मऊ करायला गेले की एक्सल डुलतो, आणि कडक केला की मागच्या माणसाच्या कण्याला धक्के बसतात. २००६ मध्ये पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आले आणि एक्सल धरायला वेगळे दांडे म्हणजे मल्टी-लिंक रचना आली. वजनाचे काम स्प्रिंगकडे आणि धरण्याचे काम दांड्यांकडे गेले. नवीन पोऱ्या कामाला लागला की मी त्याला गाडीची बाहेरची बाजू न दाखवता आधी लिफ्टखाली नेतो आणि विचारतो, ही २००६ च्या आधीची की नंतरची? पाटे दिसले की आधीची, दांड्यांच्या टोकांना रबरी बुश दिसले की नंतरची.

२००८ मध्ये २.२ लिटरचे, १२० अश्वशक्तीचे एमहॉक इंजिन आले. तुमच्या २०१० च्या गाडीत तेच आहे. हे इंजिन वेळेवर तेल आणि फिल्टर बदलणाऱ्या माणसाला फार काळ साथ देते, असा माझा अनुभव आहे. म्हणजे तुमची सध्याची गाडी पहिल्या पिढीतली, पण त्या पिढीच्या शेवटच्या आणि सर्वांत पक्व टप्प्यावरची आहे. वडिलांचा जीव तिच्यात का अडकला आहे, हे मला पूर्ण समजते.

सप्टेंबर २०१४ मध्ये जी गाडी 'नव्या पिढीची' म्हणून आली, तिथे भावाचे म्हणणे थोडे खरे ठरते आणि थोडे खोटे. चासी खरोखर नवी होती. तिचे मुख्य भाग हायड्रोफॉर्म पद्धतीने घडवलेले होते, म्हणजे पोलादी नळीच्या आत प्रचंड दाबाने पाणी भरून तिला साच्याचा आकार देतात; त्यामुळे तुकडे कमी जोडावे लागतात आणि चासीचा पीळ कमी होतो. डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर वाढले, गिअरबॉक्स बदलला आणि घाटात वळणावर गाडी कलण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटले. दारे आणि छत मात्र मूळचेच राहिले. जुनी आणि २०१४ ची शेजारी उभी केली तर पुढचे बॉनेट आणि मागचे दिवे झाकून मधला भाग पाहा, तुम्हाला फरक शोधावा लागेल. म्हणून मी २०१४ च्या गाडीला अर्धी पिढी म्हणतो : खालून नवी, मधून जुनी. २०१७ च्या अखेरीस तिच्या वरच्या प्रकारांत १४० अश्वशक्तीचे इंजिन आणि सहा गिअर आले.

आजची क्लासिक ही याच २०१४ च्या गाडीची पुढची आवृत्ती आहे. तिच्यात २.२ लिटर एमहॉकचाच नवा, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचा अवतार आहे. ते इंजिन आधीच्यापेक्षा ५५ किलोंनी हलके आहे आणि १३२ अश्वशक्ती देते, म्हणजे कागदावर २०१७ च्या १४० पेक्षा कमी. पण नाकावरचे ५५ किलो उतरले की पुढची चाके वळायला हलकी होतात, आणि अश्वशक्तीच्या आकड्यात तो फायदा दिसत नाही.

जून २०२२ मध्ये आलेली स्कॉर्पिओ-एन मात्र माझ्या तिन्ही कसोट्यांवर नवी आहे. चासी नवी, सांगाडा नवा, मागची रचना नवी. ती चाकणला तयार होते. तिच्या आरक्षणाच्या पहिल्या दिवशी अर्ध्या तासाच्या आत एक लाख गाड्या नोंदवल्या गेल्या, त्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. त्या आकड्याचा तुमच्या निर्णयाशी काडीचाही संबंध नाही. संबंध आहे तो मागच्या एक्सलशी.

मागचा अखंड एक्सल खड्ड्यात वर-खाली होतो तेव्हा त्याला डावी-उजवीकडे सरकू न देण्यासाठी बहुतेक गाड्यांत एक आडवा दांडा असतो. त्याचे एक टोक चासीला आणि दुसरे एक्सलला लावलेले असते. एक टोक बांधलेला दांडा वर-खाली झाला की त्याचे दुसरे टोक गोलाकार फिरणारच, म्हणून प्रत्येक खड्ड्याला एक्सल थोडासा बाजूला ओढला जातो. पुढे बसलेल्याला ते जाणवत नाही. शेवटच्या बाकावरच्या माणसाची मान मात्र दर वेळी कडेला झुलते आणि तासाभरात त्याला मळमळू लागते. स्कॉर्पिओ-एनमध्ये त्या एका दांड्याऐवजी वॉट जोडणी आहे : दोन बाजूंनी दोन दांडे येतात आणि मध्ये फिरणाऱ्या एका छोट्या पट्टीला जुळतात. एक जितका ओढतो तितकाच दुसरा सोडतो, त्यामुळे एक्सल जवळजवळ सरळ रेषेत वर-खाली होतो. ही युक्ती जेम्स वॉटने १७८४ मध्ये आपल्या वाफेच्या यंत्रासाठी काढली होती. इतकी जुनी कल्पना कोकणच्या घाटात मागे बसलेल्या पोरांची उलटी वाचवते, याची मला गंमत वाटते.

हे शब्दांत सांगून पटत नाही, म्हणून मी गिऱ्हाइकांना एक प्रयोग करायला लावतो. चाचणीसाठी गाडी मिळाली की स्वतः चालवायची नाही. ज्याला नंतर शेवटच्या बाकावर बसावे लागणार आहे त्याला तिथे बसवायचे, पाण्याने तीन-चतुर्थांश भरलेली बाटली त्याच्या हातात द्यायची आणि एका चाकाखाली खड्डा येईल अशा खराब रस्त्यावरून बेताच्या वेगात गाडी न्यायची. बाटलीतले पाणी वर-खाली उसळले तर हरकत नाही. ते कडेकडेला हेलकावे खात असेल तर लांबच्या प्रवासात त्रास होणार. दोन्ही गाड्यांत एकाच रस्त्यावर हे करून पाहा. वडिलांनाही एकदा मागे बसवा. ते आजवर बहुधा स्टिअरिंगमागेच बसले असतील.

यानंतर बाकांची गोष्ट. जुन्या स्कॉर्पिओत मागे समोरासमोरची आडवी बाके असायची आणि अनेकांना ती अजूनही हवी असतात, कारण चार-पाच माणसे दाटीवाटीने मावतात आणि गप्पा होतात. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांत त्या बाकांना सीटबेल्ट नसतात. जोरात ब्रेक दाबला की आडवा बसलेला माणूस पाठीच्या आधाराने न थांबता कुशीवर, पुढच्या सीटच्या कडेवर जाऊन आदळतो. बाजारापर्यंत दोन किलोमीटर जायचे असेल तर माणसे बसतात, मीही बसलो आहे. पण कशेडी किंवा आंबोली घाट उतरताना मुले तिथे बसवू नयेत, असे मी स्पष्ट सांगतो. क्लासिक घेणार असाल तर मागचे बाक पुढे तोंड केलेलेच निवडा.

एनमध्ये तिसरी रांग पुढे तोंड करून आहे आणि ती दोघांचीच आहे. म्हणजे जुन्या गाडीत नऊ माणसे कोंबण्याची सवय असेल तर ती सोडावी लागेल. तिसरी रांग उघडी असताना डिकीत सामानाला जागा अगदी थोडी उरते, तेव्हा सात माणसे आणि गणपतीचे सामान असा बेत असेल तर टपावर कॅरिअर लागेलच. हे मी एनचे कौतुक करत असतानाच सांगतो आहे, कारण गाडी घेऊन झाल्यावर पहिली तक्रार याचीच येते. तिसऱ्या रांगेत एसीची हवा कितपत पोहोचते, तेही दुपारच्या उन्हात तिथे पंधरा मिनिटे बसून पाहा.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, पण हा भाग वगळू नका. ग्लोबल एनकॅप या गाड्यांच्या धडक चाचण्या घेणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ धडकवून पाहिली, तेव्हा तिला मोठ्या प्रवाशांसाठी शून्य तारे मिळाले होते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्याच संस्थेने एनची चाचणी केली. तेव्हाचे नियम आधीपेक्षा कडक होते. तरी मोठ्या प्रवाशांसाठी पाच तारे आणि मुलांसाठी तीन तारे मिळाले. भावाचा २०१६ च्या जुन्या गाडीचा विचार मला इथे खटकतो. घ्यायचीच असेल तर एअरबॅग आणि एबीएस (चाके जाम होऊ न देणारे ब्रेक) असलेलाच प्रकार घ्या, कितीही स्वस्तात मिळाली तरी बिनएअरबॅगची नको. आणि एनला मुलांसाठी तीनच तारे आहेत, हेही विसरू नका. धाकट्याची सीट नीट बसते का ते शोरूममध्येच बसवून पाहा.

जुन्या गाडीबाबत आणखी एक सावधगिरी. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यापुढच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली होती, म्हणून तिथल्यासाठी १.९९ लिटरचे एमहॉक काढले गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये बंदी उठली. शिवाय तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्याने त्या भागातल्या बऱ्याच गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकायला आल्या. हे १.९९ लिटरचे इंजिन वाईट नसते, पण सुटा भाग मागवताना चासी क्रमांक न देता नुसते 'एमहॉकचा द्या' म्हटले तर चुकीचा भाग हातात पडू शकतो. अशी गाडी घेताना कागदपत्रांवर सीसीचा आकडा वाचा.

आता इंधन. तुम्ही शाळा आणि बाजार म्हणालात, म्हणून हा विषय काढतो. २०२० नंतरच्या बीएस-सहा (प्रदूषणाच्या कडक नियमांच्या) डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ असतो. अडलेली काजळी गाडी सलग आणि तापलेल्या इंजिनाने धावली तरच जळते. आमच्याकडे एक शिक्षक येतात, त्यांचे घर ते शाळा अंतर तीन किलोमीटर. गाडीत काहीही दोष नसताना दर दोन-तीन महिन्यांनी डीपीएफचा दिवा लागायचा. मी त्यांना दर रविवारी गाडी महामार्गावरून शिर्डीपर्यंत नेऊन आणायला सांगितले. दिवा लागायचा थांबला आणि घरातल्यांना साईंचे दर्शनही घडू लागले. तुमचे फिरणे बहुतांशी असेच लहान असेल तर एनचे २ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन पाहा. ते २०३ अश्वशक्तीचे आहे आणि तितकेच तहानलेलेही; पण वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटरच होत असतील तर पेट्रोलचा जादा खर्च सोसण्यासारखा असतो. डिझेल एन घेतलीत तर ॲडब्लू, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणारे द्रवही वेळोवेळी भरावे लागेल. क्लासिकमध्ये पेट्रोलचा पर्यायच नाही.

शेताच्या रस्त्यासाठी फोर-व्हील-ड्राइव्ह हवीच असेल तर क्लासिकचा विषय संपतो, कारण तिला फक्त मागच्या चाकांचे बळ मिळते. एनमध्ये ती सोय आहे, पण डिझेलमध्येच. मात्र काळ्या मातीत रुतण्याचे पहिले कारण टायर असते. गुळगुळीत टायरांवर फोर-व्हील-ड्राइव्ह काय करणार? चार चाके फिरवून चार खड्डे पाडते, एवढेच.

वडिलांच्या 'ही स्कॉर्पिओच नव्हे' या वाक्याला मी असे उत्तर देईन. टाटांच्या सफारीने २०२१ मध्ये नाव तेच ठेवून चासी सोडली आणि ताकद पुढच्या चाकांकडे नेली. तिथे हे वाक्य मी मान्य केले असते. स्कॉर्पिओ-एनने स्वतंत्र चासी, मागचा अखंड एक्सल आणि मागच्या चाकांची ताकद हे तिन्ही जपले आहे. मागचे उभे दिवेही जपले आहेत, पण ते सोडा. गेले ते जुन्या हायड्रॉलिक स्टिअरिंगचे वजन. एनला विजेवर चालणारे, हलके स्टिअरिंग आहे. वडिलांना बहुधा तेच परके वाटले असणार. उंच बसण्याची आणि बॉनेटची दोन्ही टोके दिसण्याची सवयही त्यांना असेल. क्लासिक १९९५ मिलिमीटर उंच आहे, एन तिच्यापेक्षा बुटकी, पण लांब आणि रुंद आहे.

एवढ्यावरून माझे मत असे : आजी आणि मुलांना घेऊन वर्षातून दोनदाच का होईना, कोकणात जाणारच असाल, तर पैसे एनवर घाला. मागे कायम कोणीच बसणार नसेल, जवळच्या गावातल्या मेस्त्रीकडेच दुरुस्ती करायची असेल आणि बजेट घट्ट असेल, तर क्लासिक वाईट नाही. ती जुन्या, पारखलेल्या यंत्रांची गाडी आहे. आणि २०१० च्या गाडीचे इंजिन अजून धूर काढत नसेल, तर तिला शेतासाठी ठेवून द्यायचा विचारही करा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण आणि फिटनेस तपासणी करावी लागते, पर्यावरण करही भरावा लागतो, तेवढे आधी आरटीओत विचारा. मागच्या दांड्यांचे सगळे बुश आणि शॉकअप एकदम बदलून घेतले, तर वडिलांना त्यांची गाडी परत मिळाल्यासारखे वाटेल.

शोरूमला जायच्या आधी घरी एक काम करा. टेप घेऊन फाटकाची रुंदी मोजा. क्लासिकची रुंदी १८२० मिलिमीटर आहे, एनची १९१७, आणि या आकड्यांत बाजूचे आरसे धरलेले नसतात. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने एन घरी आणली आणि वाड्याच्या दगडी खांबांमधून ती आत जाईना. पूजा रस्त्यावर झाली आणि महिनाभर गाडी शेजाऱ्याच्या अंगणात उभी होती.